आळणी

अदवाच्या बाजारात तेव्हा मिठाच्या विटा चालायच्या.
वीतभर लांब, करड्या, टोकांना निमुळत्या,
ताडाच्या पट्टीनं आवळून बांधलेल्या.
इतक्या विटांना कापड, इतक्या विटांना खेचर.
कोपरा उडालेली वीट मात्र
कुणी पैसा म्हणून घ्यायचं नाही.
ती गेली स्वयंपाकघरात.

माझ्या मामाकडे, बिसरातकडे, सहाशे बारा होत्या.
आकडा पाठ आहे, कारण मोजायचो मीच,
दर शुक्रवारी, उपासाच्या दिवशी.
मामा म्हणायचा, भुकेल्याची मोजणी चुकत नाही.

चुलीच्या वर, धुरात, मचाणावर त्या रचलेल्या.
ओल लागली की मीठ रडायला लागतं
आणि रडणारा पैसा हलका होतो.
खाली आम्ही बसायचो जेवायला,
लेमलेम मामी, मी, मामा,
आणि डाळ आळणी.
एक फोडली तर सहाशे अकरा उरतात,
एवढं एकच स्तोत्र मामाला न अडखळता यायचं.

अब्बा तेकेस्ते उंटाचं आणि सुईच्या नेढ्याचं सांगायचे.
मामा मागे उभा, प्रार्थनेच्या काठीवर हनुवटी टेकून.
बाहेर पडताना म्हणाला,
उंट अफार लोकांचे. माझी तर सगळी खेचरं.
अब्बांना ते ऐकू गेलं. ते हसले,
आणि मग बराच वेळ हसले नाहीत.

एकदा शेजारची तिऱ्हास वाटी घेऊन आली.
सून दोन दिवसांची बाळंतीण,
लापशीत घालायला चिमूटभर.
मामा म्हणाला, हे मीठ नाही, बाई. हा पैसा आहे.
लोक त्याला खोटारडा म्हणाले.
मला अजून भीती वाटते ती याची, की तो खरं बोलला.
इतकी वर्षं धुरात बसून
त्या घरातलं मीठ मीठ राहिलंच नव्हतं.

आणि मी?
मोजताना बोट चाटायचो, दर पन्नासाला एकदा.
बारा वेळा. तेवढाच माझा वाटा.
मामानं पाहिलं असतं तर म्हणाला असता,
खाल्ल्या मिठाला जागला नाही.
पण मामा, तू मला मीठ खाऊ घातलंस कधी?

शेवटी तो अंथरुणाला खिळला.
मामीनं पेज भरवली. त्यानं तोंड फिरवलं.
आळणी आहे, म्हणाला.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा.
मामी उठली, मचाणावरून एक काढली
आणि पाट्यावर वरवंट्यानं फोडली.
तो आवाज ऐकून त्यानं मान वळवली, विचारलं:
कितवी?

तिनं एक खडा त्याच्या जिभेवर ठेवला.
त्यानं तो चघळला नाही, गिळला नाही,
नुसता धरून ठेवला.
पवित्र भाकरीसारखा की ठेवीसारखा,
मी अगदी जवळ होतो, तरी मला कळलं नाही.

चाळिसाव्या दिवशी गावजेवण.
मामीनं हात सैल सोडला.
आंधळे, पांगळे, चर्चच्या दारातले सगळे आले.
तिऱ्हास आली, नातवाला कडेवर घेऊन.
पहिला घास घेतला आणि म्हणाली,
लेमलेम, खारट झालंय गं.
मामी इतकी हसली की पदरात तोंड लपवून
शेवटी रडली.

आता बाजारात चांदीची नाणी जास्त.
पावसात ठेवा, नदीत टाका,
वर्षानुवर्षं जशीच्या तशी.
मीठ निदान ओलीला भ्यायचं,
धन्याच्या आधी स्वतःच विरघळून
त्याला सुटायची एक वाट ठेवायचं.
यांना ती दया नाही.

माझ्याकडे एकेचाळीस आहेत.
हो, मोजलीत.
आज शुक्रवार.