कारणाचा रकाना

इतवारीतल्या आमच्या दुकानात कॅसेट भरून मिळायची.
या बाजूला सहा गाणी, त्या बाजूला सहा,
आणि वहीत चार रकाने :
तारीख, नाव, गाणं, कशासाठी.

चौथ्या रकान्यावरून गिऱ्हाइकं चिडायची.
काऊन पायजे तुले कारन? पैसे घे, गाने भर.
बाबा टोपणाची शाई पुसत म्हणायचे,
कारन नाही समजलं
तं मले कसं समजन
याच्या मांगं कोनतं लावाव?

परवा ती वही सापडली.
कूलरचा पाय डुगडुगू नये म्हणून
कोणीतरी स्टँडखाली सारली होती.
किती उन्हाळे तिच्यावर पाणी ठिबकलं कोण जाणे.
गाण्यांची नावं बाबा शाईनं लिहायचे, मान म्हणून.
ती सगळी निळी होऊन पसरली.
कारणं बॉलपेननं, समोरचा बोलतोय तोवर, घाईत.
कारणं राहिली.

सुशीला धकाते, गोळीबार चौक :
माग बंद झाला की घरात आपलाच आवाज येतो.

जनार्दन निखारे, गिरणी सुटल्यावर :
भोंगा नाही म्हणून पहाटे जाग येत नाही,
आली तर कशाला आली ते कळत नाही.
सुरुवातीला लांब सूर आहे असं कोणतंही चालेल.
(खाली बारीक अक्षरात :
सनईचं दिलं, परत आला.
बासरीचं दिलं, परत आला.
पैसे घेतले नाहीत.)

कुसुम गजभिये, इंदोरा :
पोरगी पहिल्यांदा माईकसमोर उभी राहिली ती रात्र.
मधे कोणीतरी खोकतं. ते काढू नका.
ते तिचे वडील.

एकानं नाव लिहू दिलं नाही.
कारण : फुटाळ्याला जाणारी सिटी बस.

जरीपटक्याचे टिल्लूमल आईला हाताला धरून घेऊन आले.
गाणं तिलाच ठाऊक, तेही अर्धं,
उरलेलं ती नुसतं गुणगुणायची.
बाबांनी शटर खाली ओढलं, पंखा बंद केला, मे महिन्यात,
आणि तिच्या तोंडून भरून घेतलं.
कारणाच्या जागी एवढंच आहे :
घाम फार आला.

रविवारी वही तर्री-पोह्याच्या ठेल्यावर नेली.
मी एकेक कारण वाचायची,
बाकावरचे गाणं ओळखायचे.
लोकोशेडमधून रिटायर झालेले फ्रान्सिस काका
चमच्यानं प्लेटवर ठेका धरून सांगायचे, हेच!
पोहेवाला नथ्थू कढईमागून ओरडायचा,
काही काय सांगता बे, ते नाही, हे!
निखाऱ्यांच्या भोंग्यासाठी चार गाणी निघाली,
चारही खरी वाटली,
भांडण दुसऱ्या चहापर्यंत पुरलं.
धकातेबाईंचं वाचलं तेव्हा
कोणीच काही सुचवलं नाही.
नथ्थूनं तेवढ्यात लिंबू कापून घेतलं.

शेवटून तिसऱ्या पानावर एक नोंद मी तिथं वाचली नाही.
नाव : स्वतः.
कशासाठी : पोरगी तीन रात्री झोपली नाही.
हे लावलं, झोपली.
त्या तारखेला मी अकरा महिन्यांची.
गाण्याच्या जागी
नखाएवढा निळा डाग.

आईला विचारलं. ती गच्चीवर सांडगे उलटत होती.
म्हणाली, गानं-बिनं काही नाही वं.
कूलर नवा आनला होता त्या दिशी.
त्याच्या घरघरीनं झोपली तू.
मग बाबांनी काय लावलं होतं?
ती म्हणाली, लावलं असन. मी बी झोपली होती.

कूलर तोच आहे, पत्रा दोनदा बदललेला.
वही काढल्यापासून डाव्या अंगाला कलतो,
काल त्याच्याखाली वीट लावली.
डुगडुगतोच.