लाइव्ह मायग्रेशन

नया बाजार, लश्कर. खाली गजकचं दुकान,
वर आमचा क्लास.
तीळ कुटल्याची धपधप
फरशीतून पायांत येते.

परिहार सर फळ्यावर दोन चौकोन काढतात, मधे बाण.
‘चालू मशीन इधर से उधर.
एक पिंग मिस नहीं. मशीन को पता तक नहीं चलता.’
मी वहीत मराठीतच लिहिते :
यजमान बदलतो, पाहुण्याला कळत नाही.

तोमरांचा पोरगा विचारतो, परीक्षा में आता है?
येतं. दोन मार्कांना.

मिरजेहून मला येऊन सोळा वर्षं झाली.
पहिल्या आठवड्यात भाजीवाल्याला कोथिंबीर मागितली,
तो नुसता बघत राहिला.
तेव्हाचे पिंग कुणी मोजले नाहीत.
मेमरी आली सगळी, पान न् पान,
फक्त वाटेत बदललेली पानं
पुन्हा पुन्हा पाठवावी लागली.

आता लॅब. माझी पाळी.
अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर पट्टी अडते.
बाजारातली वीज जाते, इन्व्हर्टर कण्हतो,
खाली मोगऱ्या तशाच पडत राहतात.
शंभर.
काळ्या खिडकीत उत्तरांची रांग,
मधे एकच ओळ : वेळ संपली.

‘सर, एक गया.’
सर चष्मा वर करून वाकतात, बघतात.
‘एक तो माफ है.’

हे मी वहीत लिहून घेते.
परीक्षेत येणार नाही, तरी.