विचारलं

पोरीनं विचारलं म्हणे.
पोरानं नाही, पोरीनं.
पांडवलेणीच्या पायऱ्यांवर, अर्ध्या चढावर,
दोघांनाही धाप लागलेली,
खाली हायवेला ट्रकांची रांग,
आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण काढावं
तशी हिनं डबी उघडली.
भूषण म्हणाला, "थांब, आधी श्वास घेऊ दे."
मग हो म्हणाला.

मला हे रात्री साडेनवाला फोनवर कळलं.
बातम्या चालू होत्या.
मी आवाज तेवढा कमी केला.

तीन आठवड्यांत साखरपुडा.
जेलरोडचा हॉल, शंभर पानं सांगितलेली, दीडशे आली.
पाहुणे सटाण्याचे.
त्यांच्या आत्याबाईंनी तेजलची हनुवटी धरली,
"पोर सोनानी शे!"
आणि आमच्या ताजनपुऱ्यांकडचा जो तो
मठ्ठ्याचा ग्लास धरून मलाच गाठत होता,
"स्थळ कुणी आणलं हो?"

काय सांगणार?
चौतीस वर्षं प्रेसमध्ये काढली मी.
कोरा करकरीत कागद उजेडाला धरायचा,
शाई पसरली का, नंबर सरकला का,
खोट दिसली की बाजूला.
पेन्शन लागली, डोळा तसाच राहिला.
जावई पाटावर बसला तेव्हा आधी बोट दिसलं,
मग अंगठी,
मग अंगठीच्या आतून गुंडाळलेला पांढरा दोरा.

"हिचं माप चुकलं," मी सरोजच्या कानात म्हणालो.
"तिचं नाही, माझं.
नवरात्रात जेवायला आला होता ना तो,
गडावरचा दोरा मनगटाला बांधता बांधता
एक फेरा बोटालाही घेतला.
जरा सैल घेतला गेला."
"म्हणजे तुला नवरात्रापासून—"
"तुम्ही तेव्हा गच्चीवर टाकी धूत होता."

खरं तर मी एक वाक्य जपून ठेवलं होतं,
तेजल सातवीत असल्यापासून.
कुणी मागणी घालायला येईल, पोहे होतील,
मी चष्मा काढीन, पुशीन,
सगळे गप्प होईपर्यंत थांबीन
आणि म्हणेन,
आमचं काही नाही, तिला विचारा.

एवढंच वाक्य.
आता ते जुन्या पाचशेसारखं,
छापलंय नीट, नंबरही बरोबर,
चालत मात्र नाही कुठं.

माझं ठरलं तेव्हा मी सेकंड शिफ्टला होतो.
रात्री घरी आलो तर पेढे वाटून झालेले,
माझ्या वाटणीचा एक ताटलीखाली झाकलेला.
सरोज कुठं होती त्या दिवशी,
हे मी कधी विचारलं नाही.

पंगती उठल्या. केटररची पोरं भांडी आवरत होती.
ती खाली बसून वाट्या मोजत होती, घरच्या,
आमटीला कमी पडल्या म्हणून आणलेल्या.
मी शेजारी बसलो. गुडघे वाजले.
"तुला कुणी विचारलं असतं तर?"
"बावन्न, त्रेपन्न… काय?"
"माझ्याबद्दल. तेव्हा."
तिनं हातातली वाटी पदरानं पुसली.
"वेळ मागितला असता. विचार करायला."
"किती?"

ती माझ्याकडे बघत राहिली,
मग ढिगाकडे.
"चुकवली ना मोजणी."
मी अर्धा ढीग माझ्याकडे ओढला
आणि एकपासून सुरू केलं.