सपाट जागा

साताऱ्यात सपाट जागा मागू नये.
माची पेठेत तर बशीतला चहासुद्धा
एका कडेला जाऊन उभा राहतो.
माझी वॅगन-आर चाकामागे दगड लावून झोपते,
तोंड किल्ल्याकडे.

पहिली दोन वर्षं मी तिथंच बॉनेट उघडायचे.
पट्टी ओढायची, तेल दिसलं की हुश्श,
की निघालेच डायलिसिसवाल्यांना घेऊन कराडला.
मग एका शुक्रवारी खिंडवाडीपाशी
लाल दिवा लागला, किटलीच्या चित्राचा.
मागून नलूताई शिंगटे म्हणाल्या,
"चहाला थांबायचं म्हणते का गं ती?"

इलाही बागवानानं बॉनेटखाली डोकं घातलं
ते बराच वेळ बाहेर काढलंच नाही.
"उतारावर विचारलंत ना हिला?
तेल एका अंगाला पळतं, ताई.
सपाटीवर विचारा, सकाळी, थंड असताना.
चालवून आणलीत तर दहा मिनिटं थांबा,
वर गेलेलं खाली उतरू द्या.
आणि पहिल्या पट्टीवर विश्वास ठेवू नका."

तेव्हापासून साडेपाचला मार्केट यार्डातला वजनकाटा.
गावात तेवढीच एक जागा, जिला सपाट राहण्याचा पगार आहे.
रात्रपाळीचा गुलाब ओंबासे कानटोपीतून ओरडतो,
"नऊशे चाळीस! तुम्हाला धरून!"
मला धरून किती, हे त्याला कुणी विचारलं?

पिवळी कडी. ओढते.
पट्टी बरबटलेली, कालच्या धावपळीची,
तिचं म्हणणं ऐकून घ्यायचं नाही.
जुन्या परकराच्या फडक्यानं पुसते,
परत तळापर्यंत घालते, टेकल्याचं हाताला कळतं,
परत ओढते, दिव्याखाली आडवी धरते.
दोन खुणा. मधे कुठंतरी काळसर मधाची कड.
खालच्या खुणेला टेकली तर थोडं तेल,
मग पुसून, बघून, आणखी थोडं.
एकदा भीतीपोटी अख्खा डबा ओतला होता.
इलाहीनं तो काढायचेही पैसे घेतले.

नलूताईंना दिवसाला एक लिटर पाणी.
आमटी, चहा, गोळीचा घोट, सगळं धरून.
तांब्यावर त्यांनी नेलपॉलिशची रेघ ओढलीय.
दवाखान्यात आधी वजन.
त्या चपला काढतात, मग बांगड्या,
मग उगाच पिनसुद्धा.

आज त्यांना आधी घेतलं, त्याही काट्यावर आल्या.
गाडी गरम, म्हणून दहा मिनिटं दोघी
गोणपाटाच्या वासात उभ्या.
पट्टी त्यांनीच मागितली. चष्मा वर केला,
बोटानं न शिवता दोन्ही रेघा शोधल्या.
"आहे की गं," म्हणाल्या, "मधेच आहे."
आणि मागं न बसता पुढं येऊन बसल्या.

आकडा लागला असणार खिडकीत.
गुलाब आज ओरडला नाही.