बाकनळी

जयारोग्यच्या दुसऱ्या मजल्यावर
पोरसवदा डॉक्टरीण म्हणाली, अम्मा, ज़ोर से फूँकिए,
आणि पांढरी प्लास्टिकची नळी माझ्या हातात दिली.
मी ती आधी उलटसुलट करून पाहिली.
सरळ होती. बाक नव्हता हिला.

आमची पितळेची.
बगळा पाण्यात बघतो तशी टोकाशी वळलेली.
दौलतगंजातला बोळ, जिन्याखालची खोली,
ओंडक्यात रोवलेली ऐरण, बागेसरी,
शिरसाच्या तेलाचा दिवा.
मी अकरा वर्षांची होते
जेव्हा अण्णांना दम लागायला लागला;
आधी दहा फुंकांनंतर, मग चारनंतर,
मग नळी तोंडाला लावतानाच.
श्रीनिवासचं परीक्षेचं वर्ष,
आई स्वयंपाकात.
घरात रिकामा श्वास माझाच होता.

तीन महिने सोनं दिसलं नाही.
नुसता पाण्याचा तांब्या, त्यात बोरूची नळी.
बुडबुडा थांबता कामा नये.
नाकानं आणत राहायचं, ओठांनी देत राहायचं,
गालात थोडा शिल्लक,
रांजणात उद्याचं पाणी असतं तसा.
आई म्हणे, पोर तांब्याशी काय कुजबुजते तासन्‌तास?

मग ठुशीचे मणी.
कोळशाला खळगी, खळगीत तारेचा तीळभर तुकडा,
ज्योतीची जीभ आडवी करून त्यावर धरली
की तो आधी लाल,
मग थरथरतो,
मग एकदम अंग चोरून गोल.
गोल कुणी करत नाही त्याला. होतो.
एका ठुशीला किती लागतात
ते बोटांना माहीत, मला नाही.

आणि डाग.
टाकणखार उगाळून पिसानं लावायचा,
सांध्यावर डागाची कणी,
अण्णांचा हात माझ्या खांद्यावर, लगाम धरल्यासारखा.
डाग आधी वितळतो, म्हणत, दागिना मागून.
दोन्हींच्या मधे जेवढी जागा
तेवढीच आपली विद्या, बाकी हमाली.
एकदा मला शिंक आली.
शितोळेबाईंच्या नथीचा आकडा
मेणासारखा खाली बसला.
अण्णा काही बोलले नाहीत.
मूस काढली, पुन्हा आटवायला ठेवलं,
आणि त्या रात्री जेवले नाहीत.

सगळं मोजलं जायचं त्या खोलीत.
सोनं गुंजेनं, मोती चवानं,
घट, तूट, मजुरी.
दिवाळीआधी झारेकरी यायचा,
उंबऱ्याची, चटईखालची, आमच्या पायांची धूळ
पोत्यात भरून पैसे मोजून न्यायचा.
धुळीलासुद्धा भाव होता.
सत्तावीस वर्षं जी हवा मी त्या दागिन्यांना दिली
तिचं पान वहीत नाही.
डागिन्याच्या पाठीवर शिक्का 'टां',
टांकसाळे.
मी तेव्हा लग्नाची होते, मग लग्नाची राहिले,
मग कुणी विचारेनासं झालं.

श्रीनिवासनं गॅसची बंदूक आणली.
चावी फिरवली की जाळ.
अण्णा बराच वेळ तिच्याकडे बघत होते.
हिला शिंक येत नाही, एवढंच म्हणाले.

पहिल्या फुंकीला पडद्यावर रेघ चढली
आणि खाली येईना.
डॉक्टरीण यंत्राकडे बघते, माझ्याकडे बघते,
यंत्राला टिचकी मारते.
मग तिच्या लक्षात आलं.
नाक से नहीं, अम्मा,
आणि माझ्या नाकाला चिमटा लावला.

चिमटा! मला हसू आलं,
हसण्यात आधीच अर्धा दम गेला.
पुन्हा फुंकले.
रेघ उठली, टेकाडाएवढी झाली,
आणि उतरली.
ओळखीची रेघ होती.
अण्णा जिना चढून आले की
असेच बसायचे तिसऱ्या पायरीवर.

ती कागदावर काहीतरी लिहीत होती.
मी नळीचं तोंड पदरानं पुसलं,
नीट, आतून बाहेरून,
आणि वळलेला भाग आपल्याकडे ठेवून
तिच्या हाती दिली.
वळलेला भाग नव्हताच, तरी.