आठ वाव

तेल लावून येऊ नका, काल बजावलं होतं.
जयवंती गिरकर आज पुन्हा केस चापून आली आहे,
खोबरेल कपाळावर उतरलेलं.
"तेल नाय तर माझा डोक्या दुखता."
मी साबण देतो, मोरीकडे पाठवतो.
नायलॉनची साडी खुंटीवर. सुती झगा.
बांगड्या, मिश्रीची डबी, बाम, काडेपेटी,
सगळं माझ्या टेबलावर, कागदावर एकेक खूण.
"आग लागाक हय आसा काय? नुसती हवाच मा?"
तीच तर, बाय.
बाहेर जी ठिणगी आपोआप विझते
ती आत विझत नाही.

साखर एकशेदहा. आत गेल्यावर अजून उतरेल.
आधी चहा, दोन बिस्किटं.
सर्दी नाही ना? छातीत दुखत नाही ना?
रोज तेच विचारतो, रोज ती तशीच चिडते.
मग मनगटाला तार, आणि पारदर्शक नळीत ती आडवी,
बरणीतल्या लोणच्यासारखी, असं तीच म्हणाली होती पहिल्या दिवशी.

दसऱ्याच्या सुमारास शिंगाळ्याचा काटा घुसला.
साखरेनं पाय आधीच बधिर;
चप्पल चिकट लागली तेव्हा तिनं खाली पाहिलं.
दोन बोटं गेली. तिसऱ्यासाठी आम्ही भांडतो आहोत,
शल्यविशारद, ड्रेसिंगवाली सिस्टर, इन्सुलिन,
आणि शेवटी ही नळी.
नळी एकटी काही करत नाही,
हे मी कुडाळच्या त्या हॉटेलवाल्यालाही सांगितलं
ज्याला इथे झोपून तरुण व्हायचं होतं.
तो पैसे मोजतच राहिला.
आणि एक आई आली होती, न बोलणाऱ्या मुलाला घेऊन;
डॉक्टर तिच्याशी तासभर बोलले.
तिला नाही म्हणताना मी काट्याकडे बघत होतो.

मी इथे का बसतो?
तारकर्लीला पर्यटकांना खाली न्यायचो, मी आणि बाबलो केळुसकर.
एक गिऱ्हाईक घाबरून वर सुटलं,
बाबलो त्याच्यामागे,
स्वतःच्या बुडबुड्यांच्याही पुढे.
सोड्याची गोटी दाबली की बाटलीत जे होतं
ते त्याच्या रक्तात झालं.
नळी तेव्हा गोव्यात. गाडीत तो आडवा,
तोंडावर मास्क, आणि मला विचारत होता
माझे पाय गाडीतच आहेत ना.
आता चालतो. डावा पाय ओढत.
थोडं लवकर पोचलो असतो तर, हे तो म्हणत नाही.

झडप उघडतो.
कान दडपले की आवंढा गिळा, नाक धरून फुंका.
ती फुंकते, गाल शंखासारखे.
काटा चढतो, थांबतो.
दर अर्ध्या तासानं पाच मिनिटं साध्या हवेचा मास्क,
कारण प्राणवायूही जास्त झाला तर झटके आणतो;
मी तिचे ओठ बघत राहतो, फडफडले का.
दीड तास दुसऱ्याचे ओठ बघण्याची ही नोकरी.

आज एकोणिसाव्या दिवशी स्पीकरमधून तिचा आवाज:
"मी किती खोल असंय?"
हिशेबानं पावणेआठ वाव.
आठ, मी म्हणतो.
बराच वेळ काही नाही.
"आमचो सोनू शिनाण्यांक इतक्याच खोल जाय.
मी खडपार बसान मोजी होतंय.
शंभरार पोचलंय काय माझोच जीव घुसमटा."

वेळ संपली. झडप उलटी, अगदी सावकाश.
जयवंतीबाई, तो श्वास धरून वर यायचा,
तुम्ही धरू नका.
त्यानं वरची हवा खाली नेलेली असायची.
तुम्ही खालची घेतली आहे, ती वर येताना फुगते,
सोडत राहा. बोला काहीतरी.
ती मोजायला लागते.
एक, दोन, तीन,
मोठ्यानं, बाजारात बांगडे मोजावेत तशी.

त्र्याऐंशीला दार उघडतं.
तिसरं बोट कालच्यासारखंच, की किंचित लाल;
सिस्टर सांगेल, मला त्यातलं कळत नाही.
जयवंती आधी केस चाचपते.
"आठ वाव जावन इलंय," ती म्हणते,
"आणि केस सुके."

उद्या तेल नको, मी म्हणतो.
ती हो म्हणत नाही.