तिसऱ्या मजल्यावरचा नळ

कुताइसीत त्या फेब्रुवारीत प्रयोगशाळेची मोटर जळाली.
नवीला पैसे नव्हते.
त्सियाला बाईंनी फळ्यावरचं समीकरण
अर्ध्यातच पुसलं, स्वेटरच्या बाहीनं,
आणि म्हणाल्या, "चला, जिन्यात."

आम्ही एकोणीस जण, ऑटोमेशनचं तिसरं वर्ष.
तळमजल्यावर वाइनची काचेची बुधली, मान कापलेली,
तिच्यावर नेलपॉलिशची लाल रेघ.
पाणी रेघेवर ठेवायचं, एवढंच.
नळ मात्र तिसऱ्या मजल्यावर,
आणि तिथून खाली लोंबणारी बागेतली रबरी नळी.

"एतेरी, तू डोळा. झ्वियाद, तू हात.
बाकीचे पायरीपायरीला जीभ.
ओरडायचं नाही. शेजारच्याच्या कानात सांगायचं."
बुधलीच्या बुडाशी एक तोटी होती, ती बाईंच्या ताब्यात.
मनाला येईल तेव्हा सोडायच्या.
"हे जग," म्हणाल्या, "विचारून गळत नाही."

दुसऱ्या वळणावर मालखाझ.
त्याच्या ओठांशी शब्द अडायचा,
दाराशी आपले बूट शोधणाऱ्या पाहुण्यासारखा.

एतेरी म्हणाली, उघड.
शब्द चढला, वळणावर थबकला, चढला,
झ्वियादनं नळ सोडला पुरता.
पाणी उतरेपर्यंत इकडे बूड कोरडं.
मग आलं ते एकदम आलं,
रेघ बुडाली, बूट बुडाले,
बंद कर, बंद कर, आणि ते पोचेस्तोवर
बैल गेलेला, आम्ही झोपा बांधतोय.
मी भिंतीवर खडूनं पातळी काढत होते:
डोंगर, दरी, त्याहून उंच डोंगर,
त्याहून खोल दरी.

वरून झ्वियाद ओरडला,
"त्या वळणावर दुसरं कुणीतरी ठेवा ना!"

जिना गप्प झाला.
नळीचं टोक तेवढं ठिबकत होतं.
मालखाझ पायरीची कड बघत राहिला.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही.
"जिना आहे तसाच राहील.
झ्वियाद, नळ किती फिरवतोस?"
"पुरता."
"हात आखडता घे. बोटभर फिरव.
मग थांब.
जे सोडलंस ते वाटेत आहे.
दिसत नाही म्हणून पुन्हा सोडू नकोस."

आम्ही आकडे मोजू लागलो.
मालखाझला कधी सात लागायचे, कधी अकरा.
अकरा मोजताना जिन्यात
एकोणीस जणांचा श्वास ऐकू यायचा.
खडूचे डोंगर टेकड्या झाले, टेकड्यांचे बांध,
मग झोपलेल्याच्या छातीएवढी हालचाल.
बाईंनी न सांगता तोटी सोडली.
रेघ ढळली.
परत आली.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
सफाईवाल्या लामारा काकू आल्या होत्या,
ओल्या जिन्यावरून आमचे वाभाडे काढत;
संध्याकाळपर्यंत सगळे फरशी पुसत होतो,
बाईसुद्धा.

परीक्षेत एकच प्रश्न: जिना काढा. विलंब कुठे आहे?
मी चौकोन काढले, बाण काढले,
नळी दाखवली, पायऱ्या दाखवल्या,
मालखाझचं वळण गाळलं.
मला वाटलं, हा माझा चांगुलपणा.
दीड गुण गेला. समासात लाल अक्षरात:
"लपवलेलं मोजता येत नाही.
त्याला विचारलंस का?"
विचारलं नव्हतं.

आता माझ्यासमोर धरणाचे बारा पडदे असतात.
दार हलायला चार मिनिटं लागतात.
नवा मुलगा बटण दाबतो, पुन्हा दाबतो,
मी त्याचं मनगट धरत नाही.
मोजायला लावते, मोठ्यानं.
त्याला मी विक्षिप्त वाटत असणार.

रविवारी बातुमीहून फोन येतो.
उचलते. पलीकडे समुद्र,
रिक्षासारखी खडखडणारी एक मोटारसायकल,
आणि एक शब्द, बूट शोधत.

सात. आठ.
मी काहीच फिरवत नाही.
पाणी निघालेलं आहे.